घटत्या बाकीवरच्या कर्जाचा तक्ता : एकेक ओळ स्वतः बांधताना

बेळगावच्या वडगावातले एक विणकर काका पासबुक घेऊन माझ्यासमोर बसले होते. यंत्रमागाच्या दुरुस्तीसाठी एका सोसायटीकडून १,२०,००० रुपये घेतलेले, दर १२ टक्के, मुदत बारा महिने. हप्ता ११,२००. मंजुरीच्या कागदावर ‘व्याज घटत्या बाकीवर’ असं स्वच्छ लिहिलेलं. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ दाखवली. मुद्दल दर महिन्याला दहा हजारांनी खाली येत होतं आणि व्याजाच्या रकान्यात पहिल्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत तोच आकडा, १,२००. "बाकी उतरालीय की ओ, मग व्याज का उतरना?"

प्रश्न अगदी नेमका होता. सोसायटीच्या सॉफ्टवेअरमध्ये बाकी ‘वर्षातून एकदा’ कमी धरायची अशी खूण लावून ठेवली होती. कर्जच एका वर्षाचं, म्हणजे व्याज लावताना बाकी कधी घटलीच नाही. नाव घटत्या बाकीचं, काम सपाट व्याजाचं. त्या संध्याकाळी काकांसमोरच मी बारा ओळींचा तक्ता बांधला, दुसऱ्या दिवशी तो काउंटरवर ठेवला आणि खातं दुरुस्त झालं. कुणी मुद्दाम फसवत नव्हतं. सॉफ्टवेअर आतून काय करतंय हे तिथं कुणी उघडून पाहिलेलं नव्हतं, एवढंच.

तोच तक्ता आता पायरीपायरीनं बांधू. एक्सेल असेल तर एक्सेल, नसेल तर फुकट मिळणारं लिबरऑफिस कॅल्क पुरेसं आहे. फंक्शनची आणि घरांची नावं मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत टाका. पीएमटी म्हणजे पी, एम, टी ही तीन अक्षरं, बी१ म्हणजे बी स्तंभातली पहिली ओळ. आकडेही इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. आकडा टाकल्यावर तो घराच्या उजव्या कडेला चिकटला तर शीटनं त्याला आकडा मानलंय. डाव्या कडेला राहिला तर तो शीटच्या लेखी नुसता मजकूर आहे आणि पुढची सगळी गणितं बिघडतील.

आधी कागद वाचा

आपल्याकडे, बेळगावच्या सीमाभागात, पावती कानडीत, बोलणं मराठीत आणि सॉफ्टवेअर इंग्रजीत असतं. त्यामुळे तक्त्याला हात घालण्याआधी शब्द जुळवून घ्यावे लागतात. कानडीत ‘बड्डी’ म्हणजे व्याज, ‘असलु’ म्हणजे मुद्दल, ‘कंतु’ म्हणजे हप्ता. ‘बाकी’ दोन्हीकडे बाकीच. घोटाळा होतो तो ‘साल’ या शब्दानं. कानडी ‘साल’ म्हणजे कर्ज. मराठी माणूस सवयीनं ते वर्ष समजतो आणि कर्जाच्या रकमेचा रकाना वर्षाचा म्हणून वाचतो. कानडी छापील फॉर्मवरून रकमा उतरवताना हे एकदा तपासून घ्या.

कागदावरून पाच गोष्टी काढायच्या: रक्कम, वार्षिक दर, मुदतीचे महिने, पैसे हातात आल्याची तारीख, पहिल्या हप्त्याची तारीख. सहावी गोष्ट बहुतेक कागदांवर ठळक नसते आणि ती विचारूनच घ्यावी लागते: बाकी कधी कमी धरता? रोज, महिन्याला की वर्षाला? बँकेच्या भाषेत याला ‘रेस्ट’ म्हणतात. काकांचं सगळं प्रकरण या एका शब्दात अडकलं होतं. दर तोच १२ टक्के असला तरी महिन्याच्या रेस्टनं बारा महिन्यांचं व्याज होतं ७,९४२ रुपये आणि वर्षाच्या रेस्टनं १४,४००. आकडे कसे आले ते खाली दिसेलच.

एक ओळ हातानं

शीट उघडण्याआधी कागदावर एकच ओळ करून बघा. मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी करायला लावतो.

बाकी १,२०,०००. वर्षाचा दर १२ टक्के, म्हणजे महिन्याचा १ टक्का. व्याज १,२००. समजा हप्ता १०,६६२ आहे. त्यातून आधी व्याज वळतं करायचं: १०,६६२ वजा १,२०० म्हणजे ९,४६२. हे मुद्दलात गेलं. १,२०,००० वजा ९,४६२ म्हणजे १,१०,५३८. पुढच्या महिन्याचं व्याज या १,१०,५३८ वर, म्हणजे १,१०५. हप्ता तोच असल्यामुळे व्याजात जे ९५ रुपये वाचले ते मुद्दलाकडे गेले आणि मुद्दल ९,५५७ नं उतरलं.

घटत्या बाकीचा हिशेब एवढाच आहे. प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारायचा: आज बाकी किती? त्यावर व्याज, हप्त्यातून व्याज वजा, उरलं ते मुद्दलात, नवी बाकी खालच्या ओळीला.

मग हा १०,६६२ कुठून आला? अंदाजानंही तो काढता येतो, आणि एकदा काढून बघण्यासारखा आहे. हप्ता १०,६०० धरून बारा ओळी उतरा. शेवटी सुमारे ७८४ रुपये फेडायचे राहतात. १०,७०० धरा, सुमारे ४८४ रुपये जास्त भरले जातात. खरा हप्ता या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, जिथं बाराव्या ओळीला बाकी बरोबर शून्यावर येते. पीएमटी हे फंक्शन तोच आकडा एका झटक्यात देतं: १०,६६१.८५.

शीटची मांडणी

वरच्या भागात फक्त माहिती ठेवा. बी१ मध्ये रक्कम १२००००, बी२ मध्ये दर १२%, बी३ मध्ये महिने १२, बी४ मध्ये कर्ज दिल्याची तारीख, बी५ मध्ये पहिल्या हप्त्याची तारीख. शेजारच्या ए स्तंभात त्यांची नावं लिहा. खालच्या कुठल्याही सूत्रात १२ टक्के किंवा १,२०,००० असा आकडा हातानं टाकायचा नाही. सगळीकडे या घरांचाच हवाला द्यायचा. उद्या दर बदलला तर एकच घर बदलावं लागेल.

बी६ मध्ये हप्ता:

=राउंडअप(पीएमटी(बी२/१२, बी३, -बी१), ०)

रकमेआधीची वजाची खूण विसरू नका. पीएमटी पैशाची ये-जा चिन्हानं ओळखतं. वजा नसेल तर हप्ताच उणे येतो. राउंडअप केल्यामुळे १०,६६१.८५ चा १०,६६२ होतो. वरच्या रुपयाला नेण्याचं कारण असं की मग शेवटचा हप्ता थोडा कमी येतो. शेवटच्या दिवशी माणसाला दोन रुपये कमी मागणं सोपं जातं, जास्त मागितले की वाद होतो.

इथं दोन चुका हमखास होतात आणि दोन्ही आकड्यावरून लगेच ओळखता येतात. हप्ता १९,३७३ आला तर दराला १२ नं भागायचं राहिलंय. शीटनं महिन्याला १२ टक्के लावलेत. हप्ता १,२०,०३० च्या आसपास आला तर दराच्या घरात टक्क्याची खूण नाही. शीटनं १,२०० टक्के वार्षिक दर धरलाय. आणि दोन्ही नसेल तरी हप्ता डोळ्यांनी तपासा: रक्कम भागिले महिने, म्हणजे इथं १०,०००, यापेक्षा तो थोडा जास्त असायलाच हवा.

आता दहाव्या ओळीपासून तक्ता. ए मध्ये क्रमांक, बी मध्ये तारीख, सी मध्ये सुरुवातीची बाकी, डी मध्ये व्याज, ई मध्ये हप्ता, एफ मध्ये मुद्दल, जी मध्ये अखेरची बाकी. पहिल्या ओळीची सूत्रं अशी (ईडेट म्हणजे ई, डी, ए, टी, ई; दिलेल्या तारखेपासून तितके महिने पुढची तारीख ते देतं):

ए१० : १
बी१० : =ईडेट($बी$५, ए१०-१)
सी१० : =बी१
डी१० : =राउंड(सी१०*$बी$२/१२, ०)
ई१० : =इफ(ए१०=$बी$३, सी१०+डी१०, मिन($बी$६, सी१०+डी१०))
एफ१० : =ई१०-डी१०
जी१० : =सी१०-एफ१०

अकराव्या ओळीत ए११ ला =ए१०+१ आणि सी११ ला =जी१०; बाकीची घरं वरून खाली ओढा. मग संपूर्ण अकरावी ओळ धरून बाराव्या हप्त्यापर्यंत ओढत न्या. डॉलरची खूण त्या घराला खिळा मारते. ती नसेल तर खाली ओढताना बी२ चं बी३ होतं आणि दराच्या जागी महिने येऊन बसतात. ई स्तंभातलं सूत्र लांब दिसतं, पण त्याचा अर्थ सरळ आहे: शेवटचा महिना असेल तर असेल तेवढं सगळं घे, नसेल तर हप्ता घे, पण बाकी आणि व्याज मिळून हप्त्यापेक्षा कमी असेल तर तेवढंच घे.

तक्ता असा दिसायला हवा:

| क्र. | सुरुवातीची बाकी | व्याज | हप्ता | मुद्दल | अखेरची बाकी |
|---|---|---|---|---|---|
| १ | १,२०,००० | १,२०० | १०,६६२ | ९,४६२ | १,१०,५३८ |
| २ | १,१०,५३८ | १,१०५ | १०,६६२ | ९,५५७ | १,००,९८१ |
| ३ | १,००,९८१ | १,०१० | १०,६६२ | ९,६५२ | ९१,३२९ |
| ४ | ९१,३२९ | ९१३ | १०,६६२ | ९,७४९ | ८१,५८० |
| ५ | ८१,५८० | ८१६ | १०,६६२ | ९,८४६ | ७१,७३४ |
| ६ | ७१,७३४ | ७१७ | १०,६६२ | ९,९४५ | ६१,७८९ |
| ७ | ६१,७८९ | ६१८ | १०,६६२ | १०,०४४ | ५१,७४५ |
| ८ | ५१,७४५ | ५१७ | १०,६६२ | १०,१४५ | ४१,६०० |
| ९ | ४१,६०० | ४१६ | १०,६६२ | १०,२४६ | ३१,३५४ |
| १० | ३१,३५४ | ३१४ | १०,६६२ | १०,३४८ | २१,००६ |
| ११ | २१,००६ | २१० | १०,६६२ | १०,४५२ | १०,५५४ |
| १२ | १०,५५४ | १०६ | १०,६६० | १०,५५४ | ० |

तक्ता झाला की तीन बेरजा घ्या. मुद्दलाची बेरीज १,२०,००० च्या बरोबर हवी. शेवटची बाकी शून्य हवी. हप्त्यांच्या बेरजेतून, म्हणजे १,२७,९४२ मधून, रक्कम वजा केली की व्याजाची बेरीज, ७,९४२, यायला हवी. तिन्ही जुळल्याशिवाय तक्ता कुणाच्या हातात देऊ नका.

काही सोसायट्या मुद्दलाचा हप्ता कायम ठेवतात: दर महिन्याला १०,००० मुद्दल, वर त्या वेळच्या बाकीवरचं व्याज. पहिला हप्ता ११,२००, शेवटचा १०,१००, एकूण व्याज ७,८००. हाही घटत्या बाकीचाच प्रकार आहे. सुरुवातीला भार जास्त, पण समजायला सोपा. पगारदार माणसाला सारखा हप्ता बरा पडतो. ज्याची कमाई सुरुवातीला चांगली येणार आहे त्यानं हा मागून घ्यावा.

रुपयाच्या आतले पैसे

खानापूर भागातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पाच वर्षांचं कर्ज, एकही हप्ता न चुकवता फेडलेलं. बेबाकी दाखला घ्यायला आले तर खात्यावर तीन रुपये काही पैसे बाकी. व्याज पैशांत मोजलं जात होतं आणि हप्ता पूर्ण रुपयांत घेतला जात होता; पाच वर्षं त्या फरकाचा गाळ साठत गेला. खातं बंद नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून उताऱ्यावरचा बोजा उतरत नाही. तीन रुपयांसाठी त्यांनी बसनं दोन खेपा घातल्या. ते शीट मी बसवलं होतं. त्यानंतर मी एकही तक्ता राउंडशिवाय केलेला नाही.

यातली मेख अशी की घराचं फॉरमॅट बदलून पैसे लपवले तर ते फक्त दिसेनासे होतात. शीट आतून १,१०५.३८ च वापरत राहतं. कागदावर १,१०५ आणि हिशेबात १,१०५.३८, मग बेरीज एकदोन रुपयांनी हुकते आणि सभासद कॅल्क्युलेटर घेऊन विचारतो की तुमचंच जुळत नाही. राउंड हे फंक्शन आकडाच बदलतं. म्हणून व्याजाच्या प्रत्येक ओळीत राउंड हवंच, आणि जो फरक उरेल तो शेवटच्या हप्त्यानं पोटात घ्यायचा. वरच्या तक्त्यात बारावा हप्ता १०,६६० आहे तो यामुळेच. पैशांपर्यंत हिशेब ठेवायचा असेल तर शून्याच्या जागी २ टाका, पण मग हप्ताही पैशांतच घ्या.

तारखांचा हिशेब

वरच्या तक्त्यात प्रत्येक महिना सारखा धरलाय. बँका मात्र बहुधा रोजच्या बाकीवर व्याज मोजतात आणि महिन्याला खात्यावर लावतात. १,२०,००० वर १२ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज ३९.४५ रुपये. १० एप्रिल ते १० मे हे तीस दिवस, व्याज १,१८४. महिना एकतीस दिवसांचा असेल तर १,२२३. सोसायटीचा तक्ता आणि बँकेचं विवरण यांत महिन्याला पंधरा-पंचवीस रुपयांचा फरक दिसला तर आधी हे कारण तपासा.

दिवसांवर तक्ता करायचा तर डी स्तंभाचं सूत्र बदला: =राउंड(सी११*$बी$२*(बी११-बी१०)/३६५, ०). पहिल्या ओळीत आधीची तारीख म्हणून $बी$४ घ्या. शीट तारखांची वजाबाकी दिवसांत देतं, त्यामुळे महिना किती दिवसांचा हे सांगावं लागत नाही. लीप वर्षात ३६५ की ३६६ हे करारात असतं. तिथं असेल तेच घाला.

कर्ज १८ एप्रिलला मिळालं आणि हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला असेल, तर मधल्या सतरा दिवसांचं व्याज ६७१ रुपये होतं. ते वेगळं घ्यायचं की पहिल्या हप्त्यात, हे आधी ठरवून तक्त्याच्या वर एका ओळीत लिहून ठेवा. कर्जदाराला ते ऐनवेळी काउंटरवर कळायला नको.

ईडेटच्या सूत्रात मी मुद्दाम पहिल्या तारखेपासून मोजलंय, वरच्या ओळीपासून मोजलेलं नाही. पहिला हप्ता ३१ जानेवारीचा असेल तर पुढचा २८ फेब्रुवारीला येतो. मार्चची तारीख फेब्रुवारीच्या ओळीवरून काढली की २८ मार्च येते आणि पुढची सगळी २८ वरच अडकतात. पहिल्या तारखेवरून काढली की मार्चला पुन्हा ३१ येते.

उसाचं बिल आलं, तीस हजार भरायचेत

आपल्या भागात ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. चिकोडी, संकेश्वर, निपाणीकडे ऊस किंवा तंबाखू हाच वर्षाचा पैसा. बिल आलं की माणूस एकरकमी काहीतरी भरायला येतो, आणि बऱ्याच शीटमध्ये त्याची सोयच नसते. मग ते पैसे ‘पुढचे हप्ते आगाऊ’ म्हणून जमा होतात आणि व्याज जुन्याच तक्त्यानं चालू राहतं. यात कर्जदाराचं सरळ नुकसान आहे.

तक्त्याला एच हा आठवा स्तंभ जोडा, ‘जादा भरणा’. जी स्तंभाचं सूत्र =सी१०-एफ१०-एच१० करा. सहाव्या हप्त्याबरोबर ३०,००० भरले तर सहाव्या ओळीत एच मध्ये तो आकडा टाका. बाकी ६१,७८९ ऐवजी ३१,७८९ होते आणि खालचा तक्ता आपोआप बदलतो.

हप्ता तोच ठेवला तर तीन पूर्ण हप्ते आणि चौथ्या महिन्याला ४४९ रुपये भरून कर्ज संपतं. उरलेलं व्याज २,१८१ व्हायचं होतं ते ६४६ होतं, म्हणजे १,५३५ रुपये वाचतात. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला, तर नवा हप्ता साधारण ५,४८५ बसतो, व्याज १,१२२ च्या आसपास जातं आणि बचत सुमारे १,०६० ची. हातात पैसा खेळता हवा असेल तर दुसरा मार्ग, व्याज वाचवायचं असेल तर पहिला. दोन्ही तक्ते छापून माणसासमोर ठेवावेत आणि निवड त्याला करू द्यावी, असं माझं ठाम मत आहे. किती महिने उरतील ते आधीच बघायचं असेल तर एनपर (एन, पी, ई, आर) हे फंक्शन वापरा: =एनपर(बी२/१२, -बी६, ३१७८९) हे ३.०४ देतं.

पैसे महिन्याच्या मध्ये आले तर त्या तारखेची वेगळी ओळ घाला आणि व्याज दिवसांवर मोजा. हप्त्याच्या तारखेपर्यंत पैसे अडवून धरू नका.

हप्ता चुकला तर

समजा चौथा हप्ता आलाच नाही. ९१,३२९ वरचं ९१३ रुपये व्याज थकलं. पाचव्या महिन्यात पुन्हा ९१३. आता १०,६६२ आले तर १,८२६ व्याजात आणि ८,८३६ मुद्दलात जातात, बाकी राहते ८२,४९३. ठरल्या तक्त्यानं ती ७१,७३४ असायची होती. थकलेलं व्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायचं की वेगळ्या रकान्यात ठेवायचं, हे करार आणि पोटनियम पाहून ठरतं. रकाना मात्र वेगळा ठेवाच, म्हणजे काय केलंय ते दिसतं. दंडाचं तर नक्कीच वेगळं. बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं सांगितलंय की दंड हा वेगळं शुल्क म्हणून घ्यायचा, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्यावर व्याज चढवायचं नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कर्नाटकाचा सौहार्द कायदा १९९७, कर्नाटकाचाच सहकार कायदा १९५९ किंवा बहुराज्य सहकारी संस्थांचा कायदा २००२ यांखालच्या पतसंस्थांचं वळण वेगळं आहे, पण हीच शिस्त त्यांनीही आपणहून पाळली तर कुणी अडवत नाही.

ठरलेला तक्ता आणि प्रत्यक्ष भरणा यांची दोन वेगळी पानं ठेवा. ठरलेल्या तक्त्यावर खाडाखोड झाली की काय ठरलं होतं ते कायमचं हरवतं.

खरा दर काढायचा

काकांच्या पासबुकाकडे परत येऊ. १,२०,००० घेऊन बारा महिने ११,२०० भरले, तर घटत्या बाकीच्या हिशेबानं दर किती पडला? शीटच्या कुठल्याही मोकळ्या घरात लिहा: =रेट(१२, -११२००, १२००००)*१२. उत्तर येतं २१.४६ टक्के. हा आकडा बघून काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. ‘सपाट १२’ आणि ‘घटत्या बाकीवर १२’ यांच्यातलं अंतर इतकं मोठं आहे. शोरूममध्ये गाडीचा किंवा मोबाइलचा हप्ता ठरवताना कुणी ‘फक्त सात टक्के’ म्हणालं तर दर विचारत बसू नका. हप्ता आणि महिने विचारा आणि हेच सूत्र लावा.

कापून घेतलेली रक्कमही यात धरता येते. घटत्या बाकीवर १२ टक्केच, हप्ता १०,६६२, पण प्रक्रिया शुल्काचे १,२०० आधीच कापले आणि हातात १,१८,८०० आले. =रेट(१२, -१०६६२, ११८८००)*१२ हे १३.९ टक्के देतं. सभासद म्हणून भागभांडवलासाठी होणारी कपात वेगळी समजा. ती पुढे परत मिळते, म्हणून रेट तिथं पुरत नाही. महिनावार येणं-जाणं एका स्तंभात मांडून आयआरआर हे फंक्शन लावा आणि बारानं गुणा.

बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका, नागरी सहकारी बँका आणि वित्त कंपन्या यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ‘मुख्य तथ्य पत्रक’ द्यावं लागतं. त्यात शुल्क धरून पडणारा वार्षिक दर आणि परतफेडीचा संपूर्ण तक्ता असतो. रिझर्व्ह बँकेच्या त्याच आदेशात असंही आहे की पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं. सीमाभागातल्या मराठी माणसानं ही ओळ लक्षात ठेवून सही करण्याआधी पत्रक मराठीत मागावं. मागायला संकोच वाटण्याचं काही कारण नाही. ते हातात आलं की त्यातला तक्ता आणि आपला तक्ता शेजारी ठेवून पहिल्या तीन आणि शेवटच्या दोन ओळी जुळवा. या पाच जुळल्या की मधलं सहसा चुकत नाही.

वहीत नोंद

उद्यमबागेतल्या छोट्या फाउंड्रीवाल्यांकडे मला एक चूक वारंवार दिसते: यंत्राच्या कर्जाचा सगळा हप्ता कर्जखात्याला नावे टाकलेला, किंवा सगळाच खर्चात. दोन्ही चूक. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हप्त्याची नोंद दोन भागांत करा. पहिल्या महिन्याचे १,२०० व्याजखर्चाला, ९,४६२ कर्जखात्याला, आणि १०,६६२ बँकेतून. व्याज तेवढंच नफातोट्यात जातं. असं केलं तर ३१ मार्चला कर्जखात्याची शिल्लक आणि बँकेच्या दाखल्यावरची शिल्लक आपोआप जुळते, आणि लेखापरीक्षक आले की तक्त्याचं पान काढून द्यायचं तेवढंच उरतं.

छापताना

स्तंभांची नावं मराठी आणि कानडी दोन्हीत घाला. एका ओळीखाली दुसरी ओळ मावते. तक्त्याच्या वर रक्कम, दर, रेस्ट, दिवस मोजायची पद्धत आणि मधल्या दिवसांचं व्याज हे सगळं लिहिलेलं हवं. अक्षर मोठं ठेवा, बारा ओळी एका पानावर आरामात बसतात. साठ हप्त्यांचं कर्ज असेल तर दोन पानं होऊ द्या. सूत्रांची घरं कुलूपबंद करा, म्हणजे काउंटरवर घाईत कुणी एका घरात हातानं आकडा टाकणार नाही. उजवीकडे एक मोकळा स्तंभ सोडा. वडगावच्या काकांनी त्या स्तंभात दर महिन्याला भरल्याची तारीख आणि पावती क्रमांक पेनानं लिहिला, आणि नोव्हेंबरमध्ये पासबुक छापायचं यंत्र बंद पडलं तेव्हा काउंटरवरच्या मुलानं त्यांचंच पान पाहून खात्याची बाकी सांगितली.